घासलेल्या रंगाची धूळ

जुने कपाट घ्यावे, त्यास रंग द्यावा आणि तोच रंग कडांवर घासून कपाट मुद्दाम जीर्ण दाखवावे, अशी एक हौस आहे. रेचल अ‍ॅशवेलबाईंनी १९८९ साली कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे ‘शॅबी शिक’ दुकान काढले आणि तिचा बोलबाला झाला. हौस निर्दोष दिसते. पण त्या धुळीचा इतिहास तसा नाही.

जुन्या पांढऱ्या रंगात सफेता, म्हणजे शिसे असे. त्याने रंगाऱ्यांना पोटशूळ होई, मनगटे लुळी पडत. फ्रान्समधील रंगाऱ्यांच्या संघटना झगडल्या, तेव्हा १९०९ साली सफेत्याच्या बंदीचा कायदा झाला. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सफेत्यावर करार केला. त्यात रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीपासून बचावाचे कलमही आहे. फर्निचरच्या रंगातील शिशाला अमेरिकेने १९७८ साली आळा घातला. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी कडक मर्यादा २०१७ साली लागू झाली.

त्याआधीच्या रंगवलेल्या खुर्चीला काचकागद लावण्यापूर्वी रंगात शिसे आहे काय, हे तपासून घ्यावे. शोभा आपल्या दिवाणखान्यात राहते. धूळ मात्र घासणाऱ्याच्या छातीत जाते. तोही कुणाचा तरी बाप असतो.