काटा खाली आला, तेव्हा

गाडी काल्पनिक आहे. पण कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला हा घटनाक्रम निम्मा सांगा, उरलेला तो सांगेल. जुनी डिझेल मिनीबस. आत उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून करून घेतलेले पलंग, ओटा, सिंक. सगळा पैसा त्यातच गेला, इंजिनाकडे कोण बघतो?

आदली संध्याकाळ, ६.००, अंबरनाथ
रेडिएटरमध्ये पाणी चार बोटं कमी. कूलंट आणायचा कंटाळा, म्हणून बोअरचं पाणी ओतलं. त्यातले क्षार बारीक नळ्यांत थर धरतात, ते एक वेळ राहू द्या. बंद यंत्रणेतलं पाणी कमी झालंच कसं? वॉटर पंपाखाली सुकलेला हिरवट ओघळ होता. वाकून बघायला हवं होतं.

सकाळी १०.००, बदलापूर
निघायचं होतं सहाला. मे महिना, माणसं सात.

११.१५, मुरबाड
बारवी धरणावरून रस्ता बरा गेला. तापमानाचा काटा मधोमध.

११.५०, टोकावडे
काटा एक रेघ वर. एसी बंद करा म्हटलं की मागून ओरडा. इकडे रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलंय. हे झाकण निव्वळ झाकण नव्हे, ते दाब धरून ठेवतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असलं तर उघड्यावर १०८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणानं एक बार दाब धरला की तेच १३०च्या आसपास जातं. दाब सुटला की ही सगळी सवलत गेली. त्यात इथे कूलंट कमी, बोअरचं पाणीच जास्त.

१२.२०, मोरोशी
समोर भैरवगड, काटा लाल पट्टीला टेकलेला. इथे थांबायला हवं. निदान हीटर पूर्ण सोडला तरी थोडी उष्णता बाहेर पडते. पण आपल्याकडे हीटरचं बटण कुणी दाबलेलं असतं?

१२.३५, माळशेज घाट
काटा खाली येतो. "उतरला बघा!" गाडीत हायसं वाटतं. खरं तर सेन्सरपाशी आता पाणीच उरलेलं नाही. तो मोजायचा तो पाण्याचं तापमान; कोरडा पडला की वाट्टेल ते दाखवतो. ड्रायव्हर निर्धास्त होऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतो.

१२.४२
हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. हेड वाकतं, मधलं गॅस्केट उडतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गोडसर वास, ओढ संपलेली.

१२.५०
एक जण फडकं घेऊन झाकणाला हात घालतो. वरून उतरणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर ओरडतो, "अहो, हात काढा!" उकळतं पाणी तोंडावर यायचं तेवढं टळलं. ऑइलची पट्टी ओढली, तर तिला ताक लागल्यासारखं पांढरट.

३.१०
क्रेन आली. क्रेनवाल्यानं भाव सांगितला. घाटात घासाघीस कोण करणार?