महाबळेश्वरला काय बघू, कुठे जेवू? एका यादीचा इतिहास



परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय निघतो, सुट्टीत कुठे जायचं. आणि महाबळेश्वर ठरलं, की पहिला फोन ओळखीच्या कुणाला तरी जातो. "तू जाऊन आलीयेस ना? काय बघू? कुठे जेवू?" मग आपण लगेच यादी देतो. विल्सन पॉइंटवरून सूर्योदय बघ, वेण्णा तलावात नावेत बस, काठावर भाजलेलं कणीस खा, स्ट्रॉबेरी-क्रीम तर सोडूच नकोस, आणि येताना बाजारातून गरम चणे आणि चिक्की आण. ही यादी आईकडून मुलीकडे, जावेकडून जावेकडे चालत आलेली असते. तिला आपण इतिहास म्हणत नाही. पण आहे तो इतिहासच. म्हणून आजच्या भाषणात ही यादी कुणी कुणी केली ते सांगणार आहे, आणि जाता जाता माझी यादीही देणार आहे.

या डोंगराची सगळ्यात जुनी यादी फार छोटी होती. देवदर्शन आणि स्नान. आपण ज्या बाजाराला महाबळेश्वर म्हणतो, तिथून पाच-सहा किलोमीटरवर जुनं महाबळेश्वर आहे, क्षेत्र महाबळेश्वर. तिथे महादेवाचं देऊळ आहे आणि शेजारी पंचगंगेचं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या इथे उगम पावतात, असं मानतात. पूर्वी घरातल्या बाईला उंबरठा ओलांडायला दोनच कारणं पुरत, माहेर नाहीतर यात्रा. त्यामुळे या डोंगरावर बायका आल्या त्या आधी यात्रेकरू म्हणून. पायी आल्या, बैलगाडीने आल्या, घाट चढून आल्या. जेवण कुठे, हा प्रश्नच नव्हता. जेवण शिदोरीत बांधलेलं असायचं आणि ते त्यांनीच रांधलेलं असायचं.

याच देवळाशी एका आईची फार मोठी आठवण जोडलेली आहे. जानेवारी १६६५ मध्ये, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, शिवाजी महाराजांनी इथे जिजाबाईंची सुवर्णतुला केली. त्यांच्याबरोबर सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली आणि ते सोनं दान करण्यात आलं. मुलाने आईला सोन्याने तोलली ती ही जागा. आपल्या यादीत हे वाक्य क्वचितच असतं, पण असायला हवं.

तर माझ्या यादीतलं पहिलं: क्षेत्र महाबळेश्वरला सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. पंचगंगा बघून झाली की तशीच गाडीत बसू नका. थोडं पुढे कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडतं आणि समोर कृष्णेचं खोरं उघडतं. तिथे पाच मिनिटं गप्प बसा. मग रस्त्यावर येऊन गरम पिठलं-भाकरी आणि ठेचा खा. शिदोरीच्या काळापासून या डोंगरावर जे जेवण चालत आलं, त्याच्या सगळ्यात जवळचं हेच.

आता दुसरी यादी, साहेबांची. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेतला लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी हा डोंगर चढून आला. त्याने इथल्या हवेची तारीफ केली. पुढे १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे आजारी गोऱ्यांसाठी हवापालटाचं ठिकाण करायचं ठरवलं. म्हणजे महाबळेश्वरचं पहिलं 'रेकमेंडेशन' हे औषधाच्या चिठ्ठीसारखं होतं. ताप जात नाही? वर जा.

पण डोंगर काही इंग्रजांचा नव्हता. तो साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा होता. १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी ही जागा दिली आणि बदल्यात इंग्रजांनी त्यांना वाई भागातलं खंडाळा गाव दिलं. वसलेल्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. आणि दहा वर्षांत, १८३९ मध्ये, याच प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. ते पुन्हा साताऱ्याला आले नाहीत. त्यांचे भाऊ आप्पासाहेब गादीवर बसले. १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला तो या आप्पासाहेब महाराजांनी, गावाच्या पाण्यासाठी. आज आपण तिथे नावेत बसतो, मुलं घोड्यावर बसायचा हट्ट धरतात, आपण कणसावर लिंबू-मीठ चोळून घेतो. बसा, जरूर बसा. फक्त मुलांना एवढं सांगा, की हा तलाव आपल्याच एका राजाने बांधलेला आहे.

पॉइंटांची नावं बघा आता. विल्सन पॉइंट म्हणजे इथली सगळ्यात उंच जागा, १,४०० मीटरच्या वर. तिला आधी सिंदोळा म्हणत. केट्स पॉइंट म्हणजे जुनी नाके खिंड. लॉडविक, बॉम्बे, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, एकेक साहेब एकेका कड्यावर जाऊन बसला आहे. या सगळ्यात एक बाईचं नाव आहे, केट. ती कोण? माल्कमसाहेबाची मुलगी. पाहुणी म्हणून आलेल्या एका मुलीचं नाव कड्याला मिळालं. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटांनी सरपणाच्या मोळ्या आणि पाण्याच्या घागरी वाहत होत्या, त्यांचं नाव एकाही दगडाला नाही. मी हे कुणावर राग म्हणून सांगत नाही. केट्स पॉइंटला जाच, तिथून कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी फार सुंदर दिसतं. पण मुलांना सांगताना 'नाके खिंड' हे नावही सांगा. नाव घेत राहिलं तर नाव राहतं.

आता खाण्याकडे वळू. 'महाबळेश्वरची भाजी' म्हणून आपण रस्त्याकडेला गाजरं घेतो, लाल मुळे घेतो. ही विलायती भाजी या लाल मातीत रुजवली कुणी? याचं उत्तर ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. कैद्यांनी. १८३० च्या दशकात इंग्रजांनी इथे एक तुरुंग बांधला. त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. समुद्रापलीकडची ही माणसं, आपल्या घरापासून हजारो मैल लांब आणून या डोंगरावर ठेवलेली. त्यांच्याकडून रस्ते करून घेतले आणि साहेबांच्या जेवणासाठी मळे फुलवून घेतले, बटाटे आणि विलायती भाज्यांचे. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. मळे मात्र राहिले आणि भाजी पिकवण्याचं ज्ञान इथल्या शेतकऱ्यांकडे राहिलं.

त्याच मातीत पुढे स्ट्रॉबेरी आली. तीही परदेशी पाहुणीच. पण आज ती इतकी इथली झाली आहे, की २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव दुसऱ्या कुठल्या भागातल्या फळाला लावता येत नाही. ही शेती बघितली आहे का कधी? पावसाळा सरता सरता रोपं लावायची, खाली कागद अंथरायचा, आणि थंडी पडली की पहाटे दवात वाकून एकेक फळ देठासकट खुडायचं. फळ इतकं नाजूक, की बोटाचा दाब पडला तरी डाग पडतो. हे खुडणं, निवडणं, लहान खोक्यांत रचणं, यात बायकांचे हात फार मोठ्या संख्येने असतात. आपल्या समोरच्या उंच ग्लासात क्रीमखाली ती फळं येतात तेव्हा ते हात दिसत नाहीत.

म्हणून माझ्या यादीतलं दुसरं: स्ट्रॉबेरी ताजी खायची असेल तर डिसेंबर ते मार्च या दिवसांत जा. मे महिन्यात हंगाम सरत आलेला असतो. आणि जमलं तर मोठ्या दुकानाऐवजी एखाद्या शेतावर थांबून, विचारून, तिथेच घ्या. मे महिन्यात गेलात तर स्ट्रॉबेरीचा आग्रह सोडा आणि जांभळं, करवंदं घ्या. पानाच्या द्रोणात ती घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायका दिसतील. ते या डोंगराचं स्वतःचं फळ आहे, कुणी बाहेरून आणलेलं नाही. मधाचंही तसंच. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. जांभूळ, हिरडा अशा रानातल्या फुलांचा तो मध. बाटली घेताना कुठल्या फुलांचा आहे ते विचारा, चव वेगळी असते.

आता मला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला, ते सांगते. साहेबांच्या काळात महाबळेश्वर ही मुंबई सरकारची उन्हाळ्याची राजधानी होती. कडक उन्हाळ्यात गव्हर्नर आणि त्यांचं दप्तर वर यायचं. त्यांच्याबरोबर खानसामे, आया, भिस्ती, हमाल असा सगळा लवाजमा यायचा. मडमा विसावा घ्यायच्या, कारण त्यांच्यासाठी राबायला माणसं होती. पुढे आपली घरंही हवापालटाला येऊ लागली. बंगल्यातल्या खोल्या महिनाभर भाड्याने घ्यायच्या. बरोबर काय असायचं? तांदूळ, डाळ, पिठाचे डबे, लोणच्याची बरणी आणि स्टोव्ह. बाहेरचं खाणं परवडायचंही नाही आणि चालायचंही नाही. मग सूर्योदयाला पुरुष आणि मुलं पॉइंटवर, आणि आई कुठे? स्टोव्हला पिन मारत चहा करतेय. गाव बदललं, चूल तीच राहिली. हवापालट झाला तो बाकीच्यांचा. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आया महाबळेश्वरला चार-चार वेळा जाऊन आल्या, पण एकही सूर्योदय न बघता परतल्या.

'कुठे जेवू' हा प्रश्न म्हणून मला साधा वाटत नाही. एखादी बाई तो विचारते तेव्हा ती म्हणत असते, की या तीन दिवसांत मी रांधणार नाही. हे म्हणायला आपल्याला फार वर्षं लागली. तेव्हा सल्ला देताना हॉटेलच्या नावाआधी हे विचारा: तिथे तुला बसून, गरम, आधी वाढलेलं मिळेल का?

आणि आपण बसून जेवतो तेव्हा वाढणारीलाही चार पैसे मिळावेत, हा माझा हिशेब. यासाठी दोन गावं सुचवते. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव तर आहेच, पण २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. गावातल्या घरांमध्ये, देवळात, शाळेत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. दुपारभर पुस्तक हातात घेऊन बसायला बाईला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जेवणाचं आधी सांगून ठेवलं तर घरगुती जेवणाची सोयही होते.

दुसरं तापोळा. महाबळेश्वरहून पंचवीस-तीस किलोमीटर खाली, कोयनेच्या जलाशयाच्या काठी. लोक त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. पाणी निळं, डोंगर हिरवे, नावेतून लांबवर फेरी मारता येते. पण हे पाणी १९६० च्या दशकात कोयना धरण झाल्यावर साठलेलं आहे. या पाण्याखाली गावं आहेत, शेतं आहेत, देवळं आहेत, कुणाकुणाच्या चुली आहेत. त्या धरणाच्या विजेने आपल्या घरातले दिवे लागले आणि तिथली माणसं दूरच्या गावांत वसवली गेली. काठावर जी राहिली, त्यांच्यापैकी काही घरं आज पाहुण्यांना जेवण देतात, राहायला खोली देतात. नावेत बसलात तर नावाड्याला विचारा, खाली कुठलं गाव होतं? आणि मग काठावरच्या एखाद्या घरात तांदळाची भाकरी आणि रश्शाचं जेवण करा. वांग्याचं भरीत, माशाचं कालवण, जे मिळेल ते. पैसे देताना घासाघीस करू नका.

परतताना वाईत थांबा. पसरणी घाट उतरला की कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती. थोड्या अंतरावर मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा. वर डोंगरात गोमुखातून पडणारी बारीक धार बघून आला असाल, तर इथे तीच कृष्णा नदी झालेली दिसेल. मुलांना भूगोल वेगळा शिकवायला नको.

तर पुढच्या वेळी कुणी "काय बघू, कुठे जेवू" विचारलं, तर विल्सन पॉइंट आणि स्ट्रॉबेरी-क्रीम जरूर सांगा. पण त्याखाली दोन ओळी आपल्या जोडा. एक, त्या जागेचं जुनं नाव. दुसरी, तिथे कुणाच्या हातचं खाल्लं. आणि तुमच्या आईला अजून चालवत असेल, तर या वेळी तिला बरोबर न्या. पहाटे उठवा, शाल पांघरा, सिंदोळ्यावर उभी करा. चहा कुणीतरी दुसरं आणेल.