लाख, दुष्काळ आणि पांगळेपणा : एका चेताविकाराच्या कारणमीमांसेचा इतिहास

चेतासंस्थेच्या दुर्मीळ विकारांपैकी काहींचे मूळ रुग्णाच्या रक्तात किंवा वंशात नसून त्याच्या पानात, पाण्यात किंवा त्याच्या भोवतालच्या जंतूंत असते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार उशिरा आणि बऱ्याच चुकांनंतर उमगली. अशा विकारांपैकी ज्याचा इतिहास मराठी मुलुखाशी सर्वांत जवळून जोडलेला आहे तो म्हणजे लॅथिरिझम, अर्थात लाखेची डाळ दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर खाल्ल्याने येणारे पायांचे पांगळेपण. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या आजच्या वाचकाला लाख हे धान्य तूरडाळीतील किंवा बेसनातील भेसळ म्हणूनच बहुधा ऐकून माहीत असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात मात्र लाखोळी किंवा लाखोरी या नावाने ते पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहे, तिथे त्याची डाळ शिजते, वडे होतात आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला लॅथिरस सॅटिव्हस म्हणतात आणि रोगाचे नाव त्यावरूनच, 1873 मध्ये नेपल्सचे वैद्य कांतानी यांनी दिले. हे पीक शेतकऱ्याला प्रिय का झाले हे समजून घेतल्याशिवाय रोगाचा इतिहास कळत नाही. धान कापणीला येण्यापूर्वी, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखेचे बी फेकले की काम झाले. नांगरट लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही, पाणी साचले तरी झाड तग धरते आणि पाऊस दडी मारून बसला तरी ते सहसा मरत नाही. शिवाय दाण्यात प्रथिने 28 टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे सुकाळात जे धान्य गरिबाच्या ताटातील एक पूरक पदार्थ असते, तेच इतर सर्व पिके बुडाल्यावर शेतात उभे राहिलेले एकमेव अन्न ठरते, आणि या रोगाची सगळी शोकांतिका त्या चिवटपणातून निघालेली आहे.

रोगाचे स्वरूप असे. सलग दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ आहाराचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग लाखेचा असेल, तर काही व्यक्तींच्या पोटऱ्यांत प्रथम गोळे येतात, पाय जड वाटतात आणि मग, कित्येकदा एका रात्रीत, दोन्ही पाय ताठरतात. मेंदूकडून स्नायूंकडे हालचालीची आज्ञा नेणारे जे तंतू मज्जारज्जूतून खाली उतरतात, त्यांतील पायांकडे जाणारे तंतू निकामी होतात. परिणामी स्नायू लुळे न पडता उलट आवळले जातात, गुडघे एकमेकांवर चढतात आणि रुग्ण चवड्यांवर, कात्रीच्या पात्यांसारखे पाय टाकत चालतो. स्पर्श, बुद्धी, वाचा शाबूत राहतात. रोग पुढे वाढत नाही, पण बराही होत नाही. वैद्यकाने त्याच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजल्या आहेत : काठीवाचून चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी बसून सरपटणारा. बळी पडणाऱ्यांत तरुण कष्टकरी पुरुषांचे प्रमाण सर्वांत जास्त असते, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीचाच आधार जातो.

हे सारे आधुनिक शोध असले तरी शंका जुनी आहे. आयुर्वेदात ‘कलायखंज’ नावाची एक व्याधी वर्णिली आहे, तीत रुग्ण चालू लागताना थरथरतो व लंगडतो. कलाय हे वाटाणावर्गीय धान्याचे नाव असल्याने अभ्यासक तिचा संबंध लॅथिरिझमशी लावतात. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या भावप्रकाशात त्रिपुट या धान्याने माणूस लंगडा होतो असा स्पष्ट उल्लेख आहे. युरोपातही वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने 1671 मध्ये या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती, तर 1811-12 च्या माद्रिदमधील उपासमारीत याच दाण्याच्या लापशीवर जगणारी माणसे गोया या चित्रकाराने आपल्या एका कोरीव चित्रात दाखवली आहेत. ज्या समाजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी एकाच दाण्यावर बोट ठेवले, हे लोकानुभवाच्या बाजूने मोठेच प्रमाण मानले पाहिजे. शास्त्राने मात्र ते गंभीरपणे घ्यायला बराच वेळ लावला.

भारतातील पहिले तपशीलवार इंग्रजी वर्णन सागर भागातले आहे. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून मराठी अंमलाखाली असलेला हा मुलूख 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे 1861 मध्ये नागपूरसह मध्य प्रांतात सामील झाला. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा अधिकारी विल्यम स्लीमन याने 1844 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एका गावाची कथा नोंदवली आहे : 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, 1830 मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, 1831 मध्ये उभ्या पिकावर रोग पडला, आणि या तिन्ही वर्षांत गव्हातून आपोआप उगवणारी लाख, जिला तिकडे तिवरी म्हणत, तेवढी फोफावली. लोकांनी तीच कापली आणि तीच खाल्ली. 1833 पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली निकामी होऊ लागली आणि दोन वर्षांत त्या गावची जवळजवळ निम्मी तरुण पिढी, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, रोगाने गाठली. स्लीमन वैद्य नव्हता, पण सलग पिके बुडणे, एकाच धान्यावर गुजराण करणे आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनी पांगळेपण येणे हा क्रम त्याने जितका नेमका टिपला तितका नंतरच्या कित्येक डॉक्टरांनाही साधला नाही. 1860 च्या सुमारास अलाहाबाद जिल्ह्यातील बारा नावाच्या परगण्यात सिव्हिल सर्जन जेम्स आयर्विंग यांनी मोजदाद केली तेव्हा शंभरांत सुमारे 3 माणसे लंगडी आढळली. तरीही थंडी आणि ओल यांचाही रोगात हात असावा असे त्यांना वाटत होते, कारण पुष्कळ रुग्ण पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री भिजल्यानंतर आपले पाय गेले असे सांगत.

मराठी भाषकांच्या दृष्टीने सर्वांत जड काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला, आणि लष्करी वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी 1896 ते 1902 या काळातील लॅथिरिझमवर लिहिलेला अहवाल 1904 मध्ये नागपुरात छापला गेला. याच वर्षांतले कोल्हापूर पाहणे उद्‌बोधक आहे. 1894 मध्ये अधिकारसूत्रे हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, बाहेरून धान्य आणवले, रोजगाराची कामे काढली आणि अनाथ-अपंगांसाठी निराधार आश्रम चालवले. या उपायांमुळे कोल्हापुरात लॅथिरिझम टळला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण इथला आहार मुळातच ज्वारी, भात आणि नाचणीचा होता. पण तुलनेतून एक गोष्ट दिसते. दुष्काळात माणसाला दुसरे कोणतेही धान्य परवडेल अशा किमतीत मिळाले तर लाख हा ताटातला एक पदार्थ राहतो; ते मिळाले नाही तर लाख हेच ताट होते. विषाची मात्रा दाण्यात जेवढी ठरते, तेवढीच ती बाजारात आणि मजुरीतही ठरते.

मजुरीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. विंध्य प्रदेशातील रेवा आणि सतना भागात वेठबिगार गड्यांना त्यांचा मोबदला धान्यात, आणि तोही मुख्यतः लाखेत मिळत असे. जमीनदाराच्या घरी गहू साठत होता आणि गड्याच्या झोपडीत मालकाने दिलेलीच तिवरी शिजत होती. लाख खाणे हा त्या गड्याच्या अज्ञानाचा भाग नव्हता. पाय जाऊ शकतात हे त्याला ठाऊक असे, पर्याय मात्र नसे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 मध्ये आला, आणि लॅथिरिझमच्या ओहोटीचे श्रेय देताना सरकारी लेखन बहुधा विक्रीबंदीचे नाव घेते, मजुरीच्या बदललेल्या रीतीचे घेत नाही, हे न पटण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेतील शोधाचा मार्ग तर आणखी वेडावाकडा गेला. 1925 मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसेन यांनी असा निष्कर्ष काढला की दोष लाखेचा नसून तिच्यात मिसळून येणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या बियांचा आहे. पुढे अमेरिकेत उंदरांना बागेतल्या सुगंधी वाटाण्याच्या जातीचे बी खाऊ घातले तेव्हा त्यांची हाडे वाकली, आणि त्या विषद्रव्याचा शोध लागताच कोडे सुटल्याचा समज झाला; पण माणसातील रोग हाडांचा नसून मज्जारज्जूचा होता, त्यामुळे हा शोध दुसऱ्याच विकाराचा ठरला. दरम्यान 1942-43 च्या हिवाळ्यात, रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज लाखेचेच दाणे उकडून देण्यात आले, आणि शेकडो कैदी पांगळे झाले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले आणि हे अन्न नाकारण्याचा आग्रह धरला. तिथे तण नव्हते, वंश नव्हता, संसर्ग नव्हता; एकच धान्य आणि ते नाकारण्याची मुभा नसलेली माणसे होती. अखेर 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी दाण्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. संक्षेपाने ओडॅप म्हटले जाणारे हे द्रव्य ग्लुटामेट या चेतापेशींतील नैसर्गिक संदेशवाहक रसायनाशी इतके मिळतेजुळते असते की पेशी त्याला तेच समजून स्वीकारते आणि अतिउत्तेजित होऊन मरते. हे द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास धोका बराच कमी होतो. दुष्काळात मात्र पाणी आणि सरपण या दोन्हींचीच वानवा असते.

कारण सापडले तरी निदानाचा प्रश्न संपला नाही, कारण ताठर पायांचे असे पांगळेपण आणणारी कारणे अनेक आहेत. 1969 मध्ये मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या आहारात लाख नव्हती. 1985 मध्ये मार्टिनिक बेटावरील अशाच रुग्णांत एचटीएलव्ही-1 या विषाणूच्या संसर्गाचे पुरावे मिळाले आणि उष्ण कटिबंधातील काही रुग्णांपुरते तरी कारण जंतू ठरले. आफ्रिकेतील कोंझो हा विकार हुबेहूब लॅथिरिझमसारखा दिसतो, पण तो कडू कसाव्यातील सायनाइड पुरेसे न निघाल्याने, आणि तोही बहुधा दुष्काळातच, उद्भवतो. पापुआ न्यू गिनीतील कुरू हा वेगळ्याच तऱ्हेचा, कंप आणि तोल जाण्याचा विकार. 1957 मध्ये तो जगासमोर आला तेव्हा घराण्यात आढळतो म्हणून आनुवंशिक मानला गेला, आणि पुढे मृत आप्तांचे मांस खाण्याच्या अंत्यविधीतून पसरणारा संसर्ग असल्याचे सिद्ध झाले. कुटुंबात रोग दिसणे म्हणजे वंश, गावात दिसणे म्हणजे पाणी, सुगीनंतर दिसणे म्हणजे धान्य, अशा सोप्या समीकरणांनी या क्षेत्रात वारंवार फसवले आहे. भारतीय डॉक्टरांनी लॅथिरिझमचे निदान करताना रुग्णाचा आहार जितक्या बारकाईने विचारला, तितकी त्याची मजुरी विचारली असती तर बरे झाले असते.

केंद्राने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली 1961 मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदी घातली. पेरणीवर मात्र बंदी नव्हती. त्यामुळे पूर्व विदर्भातला शेतकरी पिकवण्यास मोकळा होता आणि विकण्यास गुन्हेगार, आणि ही डाळ गुपचूप तूरडाळीत व बेसनात शिरत राहिली. कोल्हापूरसह सगळ्या शहरांतील ग्राहकाला तिची ओळख भेसळ म्हणूनच का झाली याचे उत्तर या विसंगतीत आहे. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे उपोषणे आणि पत्रव्यवहार केला, आणि 2008 मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातील बंदी मागे घेतली. बंदीविरोधकांचा युक्तिवाद पूर्णपणे चुकीचा नाही : पुरेसे इतर धान्य खाणारी गोंदियातील कुटुंबे लाख खातात आणि त्यांच्यात नवे रुग्ण दिसत नाहीत. पण त्यावरून दाणा निर्दोष ठरत नाही. त्यावरून एवढेच ठरते की सध्या त्या घरात दुसरेही काही शिजते.

रतन, प्रतीक, महातिवरा यांसारखे ओडॅपचे प्रमाण 0.1 टक्क्याहून कमी असलेले वाण संशोधन संस्थांनी तयार केले असून 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने अशा वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केली. हे वाण जुन्या वाणांत मिसळले, किंवा दुष्काळी वर्षी पाण्याच्या ताणामुळे दाण्यातील विष वाढले, तर शेतावर ते ओळखण्याची सोपी कसोटी शेतकऱ्याजवळ नाही. आणि लाखेवर सर्वस्वी अवलंबून राहण्याची वेळ नेमकी अशाच वर्षी येते.