कुवेतचे अर्धवर्तुळ : एका रेषेची कुळकथा

कुवेत शहराच्या नकाशात उत्तरेकडील समुद्राला टेकलेली, एकाबाहेर एक विस्तारत जाणारी अर्धवर्तुळे दिसतात. ती पहिल्या, दुसऱ्या अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या रिंगरोडची आहेत. मात्र त्यांतील सर्वांत आतली रेषा रस्त्याहून जुनी असून तिचे मूळ मातीच्या एका तटात आहे.

तटबंदीशी या शहराचे नाते नावापासूनच आहे. 'कूत' म्हणजे पाण्याकाठचा कोट आणि 'कुवैत' हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे छोटी गढी. १७६३-६४ मध्ये मुंबईत राहून घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करणाऱ्या कार्स्टेन नीबूरने इराणी आखाताचा जो नकाशा काढला, त्यात या गावाची नोंद आहे. अरबांचे कुवेत इराणी व युरोपीय लोकांना 'ग्राएन' या नावाने परिचित होते, असेही त्याने लिहून ठेवले.

१९२० मध्ये नज्दच्या इख्वान टोळ्यांच्या स्वारीचे भय निर्माण झाले, तेव्हा नगरवासीयांनी अवघ्या काही महिन्यांत शहराभोवती तिसरा तट उभारला. समुद्राची बाजू मोकळी असल्यामुळे तो केवळ जमिनीच्या बाजूने, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत वळवावा लागला आणि त्याला कमानीचा आकार आला. आतील वस्त्यांची नावे दिशांवरून पडली होती : पूर्वेची ती 'शर्क' आणि पश्चिमेची ती 'किब्ला', म्हणजे मक्केची, नमाजाची दिशा, स्थानिक उच्चारात ती 'जिब्ला' झाली.

१९४६ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाल्यावर शहर तटात मावेनासे झाले. मिनोप्रियो, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नियोजकांनी १९५२ च्या आराखड्यात तटाच्या कमानीलाच आधार मानून तिच्याबाहेर समांतर मार्ग आखले, तर केंद्राकडून बाहेर जाणारे, म्हणजे अरीय, रस्ते त्यांना छेदत नेले. १९५७ मध्ये तट पाडण्यात आला. त्याच्या रेषेवर हिरवा पट्टा आणि पहिला रिंगरोड आला, आणि लगतच्या रस्त्याला 'सूर', म्हणजे तट, हे नाव राहिले.

मुंबईच्या कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या, तेव्हा 'फोर्ट' आणि 'चर्चगेट' ही नावे मागे उरली. कुवेतमध्ये नावाबरोबर आकारही उरला. जहरा दरवाजा आज वाहनांच्या वर्दळीतील एका चौकात एकटाच उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना भिंत कोठे वळत होती, हे नकाशातील रस्त्याच्या वळणावरून कळते.