काचपेटीतली भरती-ओहोटी

पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर वसले आहे. समोरच्या तीरावर शिवोली. या दोन तीरांमध्ये पूर्वी फेरीबोट चालत असे; आता पूल आहे. सह्याद्रीतून तिळारी या नावाने उतरणारी ही नदी येथे येईपर्यंत रुंद व मचूळ झालेली असते आणि दिवसातून दोनदा समुद्र तिच्या पात्रात शिरून परत फिरतो. काठची सखल जमीन बांध घालून राखलेली असते. तिला खाजन म्हणतात. बांधाच्या तोंडाशी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी नदीकडून दाटू लागले की झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या बाहेरच्या बाजूस उघडतात. कोणत्याही यंत्रावाचून चालणारी ही रचना गोव्यातील गावकारींनी शतकानुशतके सांभाळली.

मानशीच्या आतील खोलगट पाण्याला पोंय म्हणतात. त्यात काळुंदर, शेवटे, चोणक, झिंगे वाढतात. ते तेथे खातात, विष्ठा टाकतात, काही तेथेच मरतात. तरीही पाणी सहसा विषारी होत नाही. पाण्याची ये-जा चालू असते हे त्याचे एक कारण. दुसरे कारण तळाच्या चिखलात आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते माणसाला उमगण्यास एकोणिसावे शतक संपत यावे लागले. घरात माशांसाठी काचेची पेटी ठेवून तिला गाळणी बसवणारा मनुष्य नकळत त्या शोधाचाच उपयोग करीत असतो. नकळत करतो म्हणूनच बहुधा त्याचे मासे पहिल्या महिन्यात मरतात.

येथे काळुंदराची एक गंमत सांगण्यासारखी आहे. 1790 मध्ये ब्लॉख या जर्मन मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि ते नाव चिकटले सुरतेचे! मूळचा हा मासा दक्षिण भारत व श्रीलंकेच्या मचूळ पाण्यांतला. पुढे परदेशांतील हौशी लोकांनीही त्याला काचपेटीत ठेवले. गोव्यात तव्यावर जाणारा मासा तेथे दिवाणखान्यात गेला.

काचपेटीचा इतिहास मात्र समुद्रापासून सुरू होतो. 1846 मध्ये ॲना थिन या इंग्लिश बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज आणणे अशक्य होते. तेव्हा त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतीत असे. काचपेटीला हवा पुरवणारे पहिले साधन म्हणजे त्या अनामिक मुलीचे हात होत. इतिहासाने बाईंचे नाव ठेवले, मोलकरणीचे ठेवले नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1849 मध्ये, लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनच्या पेटीत दोन सोनेरी मासे आणि पाण्यात वाढणारी व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देते आणि मासा तो घेतो, हा हिशेब जुळला. पण वनस्पतीची पाने कुजू लागली व पाणी बिघडले. मग त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पेटी निवळली. 1850 मध्ये त्यांनी हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला. वनस्पती, मासा व गोगलगाय यांचा असा समतोल साधला की पाणी कधीच बदलावे लागणार नाही, ही आकर्षक कल्पना तेथून घरोघर पसरली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने काचपेटीचा छंद लोकप्रिय केला. त्यानंतर असंख्य घरांत असंख्य पेट्या मांडल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक सडल्या. वॉरिंग्टन यांनी ठेवले दोनच मासे. लोकांनी ठेवले वीस!

समतोलाने भागत नाही, पाणी फिरते ठेवले पाहिजे, हे ज्याने ओळखले तो विल्यम ऑल्फर्ड लॉइड. काचपेट्या व समुद्री जीव विकणारा हा लंडनचा दुकानदार पुढे हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचा प्रमुख झाला. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय त्याच्याच योजनेने उभे राहिले. दर्शनी पेट्यांत जेवढे पाणी होते त्याच्या कित्येक पट पाणी त्याने खाली काळोख्या टाक्यांत साठवले आणि वाफेच्या पंपाने ते रात्रंदिवस फिरते ठेवले. त्याच्या दृष्टीने हा हवेचा व थंडाव्याचा प्रश्न होता. काळोख्या टाक्यांच्या भिंतींवर आणखी काय घडत होते, ते लॉइडलाही ठाऊक नव्हते.

ते कळले पॅरिसच्या सांडपाण्यामुळे. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्यून्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू व थोडी चुनखडी भरली आणि तीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. वीस दिवस काही झाले नाही. वर ओतलेला अमोनिया तसाच खाली येत राहिला. वाळू जर केवळ चाळणी असती तर ती पहिल्या दिवशी जे करते तेच विसाव्या दिवशी करती. पण त्यानंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. रूपांतर थांबले. वाफ काढून टाकून त्यांनी थोड्या मातीचे धुवण वर ओतले, आणि काही दिवसांनी रूपांतर पुन्हा सुरू झाले. जे क्लोरोफॉर्मने निजते आणि मातीच्या विरजणाने जागे होते ते सजीवच असले पाहिजे. वाळू गाळीत नव्हती. तिच्या कणाकणावर वस्ती करून राहिलेले जंतू पाणी पचवीत होते.

यापुढचा धागा एखाद्या कादंबरीत शोभण्यासारखा आहे. या फ्रेंच शोधाची वार्ता वाचून इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात ज्या रसायनशास्त्रज्ञाने तेच प्रयोग पुढे नेले त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनेरी मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनचा तो मुलगा. अमोनियाचे आधी नायट्राइट होते व नायट्राइटचे मग नायट्रेट होते, आणि ही दोन कामे दोन निरनिराळे जंतू करतात, हे त्याने दाखवले. पण ते जंतू शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्याला साधले नाही. 1890 मध्ये झ्युरिक येथे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते काम केले. वडिलांची पेटी का टिकली, याचे उरलेले अर्धे उत्तर मुलाने शेताच्या मातीत शोधले. परंतु शेतीवरचे निबंध वाचणारे लोक मासे पाळीत नव्हते आणि मासे पाळणारे ते निबंध वाचीत नव्हते. त्यामुळे हे ज्ञान घरच्या पेटीपर्यंत पोचण्यास आणखी अर्धे शतक गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास तळाच्या वाळूतूनच पाणी ओढणारी गाळणी प्रचारात आली, तेव्हा कुठे पेटीत खाजनाचा तळ आला असे म्हणता येईल. महाराष्ट्र व गोव्यातील अनेकांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडले.

आता हीच गोष्ट चोपड्यातील एखाद्या घरात आणून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. बाजारात गाळण्या अनेक प्रकारच्या मिळतात. काठावर टांगायच्या, पेटीबाहेर डब्यासारख्या ठेवायच्या, तळाच्या वाळूखाली घालायच्या, कोपऱ्यातील पेटीच्या, आणि साध्या स्पंजाच्या. दुकानदार पाणी किती आरशासारखे दिसेल ते सांगतो. विचारावयाचे ते वेगळेच आहे: या गाळणीत जंतूंना बसायला जागा किती आणि त्यांना प्राणवायू किती मिळणार? कोळशाच्या पिशवीचा मोठा गवगवा होतो. कोळसा रंग व वास शोषतो, अमोनिया नव्हे. आणि काही आठवड्यांत तो भरून निरुपयोगी होतो.

पेडण्यासारख्या भागात पावसाळ्याच्या वादळी रात्री वीज जाते, हे निवड करताना विसरून चालणार नाही. बंद डब्याच्या गाळणीतील जंतू पाणी थांबताच आतला प्राणवायू संपवतात. काही तासांनी वीज आली की आत सडलेला मळ थेट माशांवर येतो. स्पंज पेटीतच उघडा असतो, त्यामुळे तो बराच वेळ तग धरतो, आणि त्याला हवा देणारा लहान पंप बॅटरीवरही चालतो. तो स्वस्तही आहे. पन्नास लिटरच्या पेटीला स्पंजाची गाळणीच उत्तम, असे निःशंक म्हणता येते. हवेचा पंप मात्र पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. ज्याला टांगण्याची गाळणी घ्यावयाची असेल त्याने तासाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी फिरवणारी घ्यावी. म्हणजे पेटीतील पाणी तासात चार वेळा फिरते.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पेडणे तालुक्यात चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून नळाचे पाणी येते. त्यातील क्लोरीन श्लोझिंगच्या क्लोरोफॉर्मचेच काम करते. फरक इतकाच की ते जंतूंना निजवीत नाही, मारते. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, परंतु जांभ्या दगडातून आलेले पाणी बहुधा मृदू व किंचित आम्ल असते, आणि नदीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळही होतात. आम्लतेचे दुखणे लवकर ध्यानात येत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जंतू सुमारे सात ग्रॅम चुनखडी निष्प्रभ करील एवढे आम्ल निर्माण करतात. पाण्यात मुळात चुना नसेल तर ते अधिकाधिक आम्ल होत जाते आणि जंतूंचे काम मंदावते. अमोनिया साठत राहतो, पण आम्ल पाण्यात तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात असल्याने मासे जगतात. मग एखाद्या रविवारी घरातला कर्ता माणूस मोठ्या मायेने अर्धी पेटी उपसून अल्कधर्मी पाणी भरतो. आम्लतेच्या मापनपट्टीवर एक अंक वर सरकला की विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. संध्याकाळपर्यंत मासे उलटे तरंगतात. पाणी तर नितळ! घरातली मुले विचारतात काय झाले, आणि कोणालाच सांगता येत नाही. पेटी माळ्यावर जाते.

नव्या पेटीत पहिले चार ते सहा आठवडे कठीण असतात. श्लोझिंगचे वीस दिवस तेच होत. इतर जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, पण अमोनिया पचवणाऱ्यांना त्यासाठी दिवसभर किंवा अधिकही लागतो. या काळात एक-दोनच मासे ठेवावेत आणि चिमूटभरच खाद्य घालावे. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असेल तर तिथल्या स्पंजाचा तुकडा आणून आपल्या स्पंजाशेजारी ठेवावा. दह्याला विरजण लावावे तसे हे. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, कारण नायट्रेट शेवटी पाण्यातच उरते. स्पंज तुंबला की तो पेटीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकेच पिळावा. नळाखाली साबणाने घासून पांढरा शुभ्र केलेला स्पंज म्हणजे उजाड केलेला गाव.

या जंतूंची पुरती ओळख आजही चालू आहे. 1998 मध्ये असे दिसले की काचपेटीत नायट्राइट पचवणारे जंतू पाठ्यपुस्तकांत सांगितलेल्या जातीचे नसून नायट्रोस्पिरा या वेगळ्या कुळातले आहेत. 2015 मध्ये तर त्याच कुळातील काही जंतू दोन्ही कामे एकट्यानेच करतात, असे उघडकीस आले, आणि त्यांतील एक शोध मत्स्यपालनाच्या गाळणीतूनच लागला. वॉरिंग्टनच्या मुलाची वाटणी सरसकट खरी नव्हती.

चोपड्याच्या घरी चुन्याची सोय बाजारातून करावी लागत नाही. ओहोटीला नदीकाठी तिसऱ्या व खुब्यांचे शिंपले पडलेले असतात. त्यांतील मूठभर गोळा करून, खरवडून, उकळून दोन दिवस उन्हात वाळवावेत आणि जाळीच्या पिशवीत बांधून गाळणीच्या प्रवाहात ठेवावेत. श्लोझिंगच्या नळीतील चुनखडीचे काम ते करतात. पाणी आम्ल होऊ लागले की तेवढ्यापुरते ते विरघळतात, एरवी तसेच राहतात. हळूहळू ते झिजून पातळ होतात. तेव्हा पुन्हा एखाद्या ओहोटीला काठावर उतरावे.