मुंबई उपनगरांतील वजननियंत्रण

मुंबई उपनगरांतील वजननियंत्रण या लेखात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर व परिसरातील रहिवाशांमध्ये आढळणारे अतिरिक्त वजन, त्याची कारणे आणि व्यायाम व समतोल आहार यांद्वारे ते आटोक्यात ठेवण्याचे मार्ग यांचा आढावा घेतला आहे. हा भाग प्रशासकीयदृष्ट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतो. १ ऑक्टोबर १९९० रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. लांबचा रोजचा प्रवास, बैठे काम व बाहेरचे खाणे ही येथील वजनवाढीची प्रमुख कारणे मानली जातात.

व्याप्ती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते. मुंबईतील प्रमाण याहून बरेच अधिक आहे. मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीनुसार २०२१ मध्ये शहर व उपनगरांतील प्रौढांची पाहणी केली. तीत ४६ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाबाहेर, तर १२ टक्के व्यक्ती स्थूल आढळल्या. ३४ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब होता आणि १८ टक्के व्यक्तींची उपाशीपोटी रक्तशर्करा वाढलेली होती. फळे व भाज्या पुरेशा प्रमाणात न खाणाऱ्यांचे प्रमाण ९४ टक्के होते. मिठाचे सरासरी दैनिक सेवन ८.६ ग्रॅम होते; जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे.

मापन

वजन योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी शरीरवस्तुमान निर्देशांक किंवा बीएमआय वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. जागतिक पातळीवर २५ च्या पुढील निर्देशांक अतिरिक्त वजनाचा व ३० च्या पुढील स्थूलतेचा मानला जातो. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ सहमतीनुसार या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ अशा खाली आणल्या गेल्या. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत त्यांचा अर्थ सुमारे ५९ किलो व ६४ किलो असा होतो.

मर्यादा कमी करण्यामागील कारण भारतीयांच्या शरीररचनेत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचे वर्णन ‘सडपातळ पण मेदयुक्त’ असे केले आहे. त्यांचा व ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांचा एक संयुक्त टिपण २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोघांचाही निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद असल्याचे त्यात दाखवले होते. त्यामुळे भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाट्यावरून आरोग्याचा अंदाज बांधणे अपुरे ठरते. स्नायू कमी व पोटाभोवती मेद जास्त असलेली व्यक्ती काट्यावर ‘योग्य वजनाची’ दिसू शकते.

या कारणाने कंबरेचा घेर मोजण्याची शिफारस केली जाते. सर्वांत खालची बरगडी व कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, टेप लावून हे माप घेतात. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. त्यापुढे मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

कारणे

प्रवास: बोरिवली ते चर्चगेट हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कार्यालय हा प्रवास धरल्यास अनेक नोकरदारांचे रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ जाण्यायेण्यात खर्च होतो. त्यातून झोप कमी होते, रात्रीचे जेवण उशिरा होते आणि व्यायामासाठी निश्चित वेळ उरत नाही. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढते व गोड, तळलेल्या पदार्थांकडे ओढ वाढते. पहाटे स्वयंपाक आटोपून नोकरीला जाणाऱ्या आणि परतल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना ही वेळेची टंचाई अधिक जाणवते.

खाण्याच्या सवयी: वडापाव, समोसा, भजी, शेव व फरसाण स्थानकाबाहेर सहज व स्वस्तात मिळते. घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली अशा खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध आहे. मध्यम आकाराच्या एका वडापावातून अंदाजे ३०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. दोन चमचे साखर घातलेल्या चहातून केवळ साखरेच्या सुमारे ४० किलोकॅलरी मिळतात. दिवसाला चार कप चहा घेतल्यास हा आकडा १६० वर जातो. उपवासाचे पदार्थही अपवाद नाहीत. साबुदाणा जवळजवळ पूर्ण पिष्टमय असतो, आणि शेंगदाणे व तूप घातलेली त्याची खिचडी नेहमीच्या जेवणाइतकी किंवा त्याहून अधिक ऊर्जा देते.

जागा: दाट वस्ती, अपुरे वा अडवलेले पदपथ आणि मोकळ्या मैदानांची कमतरता यांमुळे चालणे व खेळणे अवघड होते. जून ते सप्टेंबरमधील पाऊस आणि एप्रिल-मे व ऑक्टोबरमधील दमट उकाडा हेही अडथळे ठरतात.

ऊर्जेचा ताळेबंद

खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी राहिली तर वजन घटते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९, तर एक ग्रॅम कर्बोदक किंवा प्रथिनातून ४ किलोकॅलरी मिळतात. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. या हिशेबाने रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास आठवड्याला अर्धा किलो वजन कमी व्हावे. प्रत्यक्षात वजन घटू लागताच शरीराची ऊर्जेची गरजही घटते, त्यामुळे पुढील घट मंदावते.

सुमारे ६८ किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालल्यास जेमतेम १२० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजेच एका वडापावाची ऊर्जा खर्च करण्यास सव्वा तास चालावे लागते. वजन कमी होण्यात आहाराचा वाटा मोठा असतो तो या कारणाने. घटलेले वजन टिकवणे, स्नायू राखणे आणि रक्तशर्करा व रक्तदाब सुधारणे यांसाठी मात्र व्यायाम आवश्यक असतो.

आहार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसभरातील ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक वाटा तृणधान्ये व भरडधान्यांचा नसावा, असे तीत म्हटले आहे. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी व भात, सायंकाळी बिस्किटे आणि रात्री पुन्हा भात अशा आहारात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

मराठी स्वयंपाकात यावर सोपे उपाय उपलब्ध आहेत. मटकी, मूग, चवळी व वाल यांच्या उसळी, घट्ट वरण, पिठले, ताक, दही व अंडी यांतून प्रथिने मिळतात. किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यांत व मासे खाणाऱ्या घरांत मांदेली, बांगडा, बोंबील हे स्वस्त व प्रथिनयुक्त पर्याय आहेत. तळण्याऐवजी त्यांचे कालवण केल्यास तेल कमी लागते. ज्वारी, बाजरी व नाचणीच्या भाकरीत चोथा अधिक असल्याने पोट लवकर भरते, परंतु भाकऱ्यांची संख्या वाढल्यास हा लाभ राहत नाही. ताटात भाजी व कोशिंबीर निम्मी, उसळ किंवा वरण पाव आणि पोळी, भाकरी किंवा भात पाव अशी विभागणी मोजमापाविना पाळता येते. घरचा डबा हा बाहेरच्या खाण्याला सर्वांत सोपा पर्याय आहे. मुंबईत डबे पोहोचवण्याची व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली आणि ती आजही उपनगरांतून कार्यालयांपर्यंत घरचे जेवण नेते.

महाराष्ट्रात दोन आहारपद्धती विशेष गाजल्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांच्या आधारे मांडलेल्या पद्धतीत कडक भूक लागल्यावर दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते. मुंबईतील आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी ‘डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट’ (२००९) या पुस्तकात याउलट दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा आणि स्थानिक, पारंपरिक अन्नाचा पुरस्कार केला. जेवणांच्या संख्येबाबत दोन्ही मते परस्परविरोधी आहेत. मात्र तयार पाकीटबंद खाऊपासून दूर राहणे आणि नियमित हालचाल करणे या बाबी दोन्हींत समान आहेत. कोणत्याही पद्धतीने वजन घटते ते एकूण ऊर्जा कमी झाल्यामुळे. ती दीर्घकाळ पाळता येणे हा निवडीचा मुख्य निकष ठरतो.

व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र स्वरूपाचा व्यायाम करावा. त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, अशी गती मध्यम समजली जाते. बैठका, जोर आणि वजन उचलणे यांनी स्नायू वाढतात. भारतीय शरीररचनेत स्नायूंचे प्रमाण मुळात कमी असल्याने या व्यायामांना विशेष महत्त्व आहे.

हा वेळ सलग मिळणे आवश्यक नसते. एक-दोन थांबे आधी उतरून चालणे, रिक्षाऐवजी स्थानकापर्यंत पायी जाणे, सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्या वापरणे यांतून रोज २० ते ३० मिनिटे जमू शकतात. पावसाळ्यात घरातल्या घरात सूर्यनमस्कार किंवा इमारतीचा जिना उपयोगी पडतो.

परंपरा आणि सुविधा

तालीम, आखाडा व मल्लखांब ही महाराष्ट्राची जुनी व्यायामपरंपरा आहे. विसाव्या शतकात औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा सर्वसामान्यांत प्रसार केला. उपनगरांतही याच काळात योगाच्या संघटित शिक्षणास आरंभ झाला. श्री योगेंद्र यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी अंधेरीजवळील वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. संसारी माणसाला रोजच्या जीवनात करता येईल असा योग शिकवणे हा तिचा उद्देश होता. संस्था आज सांताक्रूझ पूर्व येथे कार्यरत आहे.

अंधेरी पश्चिमेचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, विलेपार्ले पूर्वेचे प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल ही उपनगरांतील प्रमुख क्रीडा संकुले आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून पहाटे तेथे चालण्यासाठी मोठ्या संख्येने नागरिक येतात. वर्सोवा व जुहूचे किनारे, आरे वसाहत आणि पवई तलावाचा परिसरही चालणे व धावणे यांसाठी वापरला जातो. व्यायामशाळेचे शुल्क न परवडणाऱ्यांसाठी या मोकळ्या जागा महत्त्वाच्या ठरतात.

परिणाम

मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब, रक्तशर्करा व रक्तातील मेद यांत सुधारणा दिसते. वजन फारसे न घटताही लाभ होतो, असे भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात आढळले. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. आहार व चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय घट झाली नव्हती. काटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

दक्षता

महिन्याला दोन किलोपेक्षा फार अधिक वजन घटवण्याचे आश्वासन देणाऱ्या योजनांत बहुधा पाणी व स्नायू कमी होतात आणि वजन पुन्हा वाढते. मधुमेहावर इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना जेवण टाळल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी कडक आहारनियंत्रण करू नये. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. थायरॉईड ग्रंथीचे विकार व काही औषधे यांमुळेही वजन वाढते, म्हणून अकारण वाढलेल्या वजनाची तपासणी करून घ्यावी लागते. तीव्र स्थूलतेत औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केला जातो. त्यानंतरही आहार व व्यायाम चालू ठेवावा लागतो.

हे सुद्धा पहा

स्थूलता
मधुमेह
सूर्यनमस्कार
मल्लखांब
संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
मुंबईचे डबेवाले