प्रकल्पोत्तर समीक्षा

नव्या वस्तूच्या विकासाचे काम तडीस गेल्यावर, किंवा अर्ध्यावर सोडून द्यावे लागल्यावर, त्या कामाचे दफ्तर, खर्चाचे तक्ते आणि सहभागी मंडळींच्या जबान्या एकत्र पडताळून पुढील कामास उपयोगी ज्ञान संपादन करण्याची जी पद्धती संघटनांमध्ये रूढ आहे, तीस प्रकल्पोत्तर समीक्षा म्हणतात. चौकशीहून ती भिन्न होय. कसूर कोणाची हा प्रश्न तीत गौण असून, निर्णयाच्या वेळी कोणती माहिती हाताशी होती व तिचे काय केले गेले, हा मुख्य असतो. हा भेद कागदावर सोपा असला, तरी वरिष्ठ समोर बसले असता तो पाळणे दुष्कर ठरते.

या पद्धतीचे विशेष बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील बोइंग या विमाननिर्मात्या कंपनीचे आहे. ७०७ व ७२७ ही विमाने तिला लाभदायक ठरली होती. परंतु ७३७ व ७४७ यांच्या निर्मितीत अडचणी उद्भवल्या आणि ७४७ चे वाढते वजन व इंजिनांचे दोष यांनी तर कंपनीस जेरीस आणले. तेव्हा या दोन जोड्यांच्या विकासप्रक्रियांची तुलना करण्यासाठी एक अभ्यासगट नेमण्यात आला. ‘प्रोजेक्ट होमवर्क’ या काहीशा शाळकरी नावाने तो ओळखला जातो. तीन वर्षांच्या परिश्रमानंतर त्याने शेकडो शिफारशींची इंचभर जाडीची पुस्तिका सिद्ध केली. ती पुस्तिका कपाटात विराजमान होऊन प्रकरण संपले असते. पण गटातील अनेक सभासदांची ७५७ व ७६७ यांच्या कामावर नेमणूक झाली आणि १९८२-८३ मध्ये सेवेत दाखल झालेल्या या विमानांचा आरंभ पूर्वीच्या मानाने फारच निर्दोष ठरला. शिफारशींपेक्षा ही बदलीच अधिक फलदायी झाली, असे मानण्यास जागा आहे.

ब्रिटिश पेट्रोलियमने या कामासाठी पाच जणांचा स्वतंत्र विभाग स्थापून तो थेट संचालक मंडळास जबाबदार ठेवला. त्याचे निष्कर्ष कंपनीच्या नियोजनविषयक नियमावलीत समाविष्ट होत. उलट अमेरिकेच्या ‘नासा’ने अनुभवांचा मोठा संगणकीय संग्रह केला, तरी प्रकल्पप्रमुख त्याचा नित्य उपयोग करीत नाहीत, असे तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी २००२ मध्ये नमूद केले.

कामाच्या अखेरीस समीक्षा करावयाची, तर तोवर निम्मी मंडळी अन्यत्र रुजू झालेली असतात आणि उरलेल्यांच्या स्मृतीस परिणामाचा रंग चढलेला असतो. टोयोटा या जपानी मोटारकंपनीत ‘हान्सेई’ नामक आत्मपरीक्षण यास्तव कामाच्या टप्प्याटप्प्यावर होते, आणि यश पदरी पडले असले तरी ते टाळले जात नाही.